शुगर-बीपीच्या लोकांची गट-बैठक कशी चालवायची? धाराशिव जिल्ह्यातून काय शिकता येतं

मीठ कमी खा. तेल कमी करा. रोज चाला. तंबाखू सोडा. गोळी चुकवू नका.

या पाच गोष्टी माहीत नाहीत असा माणूस आता खेड्यातही सापडत नाही. तरीही तीन महिन्यांनी तपासणी केली की शुगर तिथल्या तिथेच असते. डॉक्टर पुन्हा तेच सांगतात, पेशंट पुन्हा मान हलवतो आणि घरी गेल्यावर चहात साखर पडतेच. कारण साधं आहे. घरात स्वयंपाक एकीचा, बाजार दुसऱ्याचा, पाहुणे तिसऱ्याचे. एकट्या पेशंटने ठरवून सगळं बदलत नाही.

म्हणूनच जगभरात एक पद्धत वापरली जाते. एकसारखा त्रास असलेल्या दहा-पंधरा लोकांना ठराविक दिवशी एकत्र बसवायचं, अडचणी एकमेकांना सांगू द्यायच्या, छोटे छोटे निर्णय घ्यायला मदत करायची आणि पुढच्या वेळी विचारायचं, जमलं का? शहरात याला ग्रुप कोचिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतले जातात. सामाजिक संस्थांच्या भाषेत अशी बैठक चालवणाऱ्याला सुलभक म्हणतात. गावाकडे याला वेगळं नाव नाही, पण हे काम तिथे फार आधीपासून चालू आहे.

धाराशिव जिल्हा, म्हणजे आधीचा उस्मानाबाद, हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

भूकंपानंतर सुरू झालेली गोष्ट

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आताच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर या परिसराला भूकंपाचा धक्का बसला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. काही गावं नव्याने वसवायची होती आणि शेकडो गावांत लोकांनी स्वतःच आपली घरं दुरुस्त करून भक्कम करायची होती. पैसे सरकारचे, काम घरमालकाचं. पण हप्ता कधी मिळतो, भिंतीला आधार कसा द्यायचा, तक्रार कुणाकडे करायची हे गावात समजावणार कोण? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. या बायका गावातल्या इतर बायकांना एकत्र बसवायच्या, माहिती द्यायच्या, अडचणी ऐकायच्या आणि त्या अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या. घराच्या कामासाठी बसलेले हे गट नंतर बचतीकडे, पाण्याकडे, शेतीकडे आणि आरोग्याकडे वळले. याच संस्थेने पुढे धाराशिव, लातूर, सोलापूर भागात एक एकर शेतीचं मॉडेल उभं केलं. घरातल्या बाईने एक एकरावर घरच्या ताटातली पिकं घ्यायची, असं ते काम. त्याला २०१७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

त्याच १९९३ साली तुळजापूर तालुक्यातल्या अणदूर इथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं राहिलं. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. या बायकांना नाव मिळालं ‘भारतवैद्य’. यातल्या बहुतेकींचं शाळेतलं शिक्षण कमी होतं. पण गावात कुणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

या दोन्हींच्या आधीचं उदाहरण जिल्ह्याच्या अगदी सीमेवर आहे. भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गावात शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं बसू लागली. आरोग्य कार्यकर्त्या नियमितपणे जामखेडला एकत्र यायच्या आणि आपापल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगून शिकायच्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. बैठक चालवणारी व्यक्ती त्याच गावातली होती आणि बोलण्याचं काम जास्त करून समोरच्यांनी केलं.

पण याचा खरंच उपयोग होतो का?

याची मोजमापं झालेली आहेत. काही ठिकाणी फरक मोठा आहे, काही ठिकाणी कमी.

नेपाळमधल्या मकवानपूर जिल्ह्यात बायकांचे गट दर महिन्याला बसवले गेले. बाळंतपणात आणि बाळाच्या पहिल्या महिन्यात काय अडचणी येतात आणि गाव त्यावर काय करू शकतं, एवढाच विषय. बैठक चालवणारी बाई स्थानिकच. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. गट असलेल्या भागात नवजात बालकांचे मृत्यू ३० टक्के कमी होते. २०१० साली झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागांतून ‘एकजुट’ या संस्थेच्या अभ्यासाचे आकडे आले. तीन वर्षांत तिथेही ३२ टक्के घट दिसली.

मधुमेहाचं काय? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी वजन थोडं कमी केलं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम केला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्या अभ्यासात मार्गदर्शन एकेकट्याला दिलं होतं. ते खर्चिक होतं, म्हणून नंतर तोच अभ्यासक्रम गटांमध्ये आणला गेला. तो वर्षभर चालतो. पहिल्या सहा महिन्यांत जवळपास दर आठवड्याला बैठक आणि नंतर महिन्यातून एकदा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात जीवनशैली बदलून ही घट सुमारे २८ टक्के आली.

केरळमध्ये तर थेट गटांचाच प्रयोग झाला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे हजार लोकांवर दोन वर्षं काम केलं. गावातल्याच लोकांना गट चालवायला शिकवलं. २०१८ साली आलेला निष्कर्ष असा की मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. मात्र लोकांचं फळं-भाज्या खाणं वाढलं, दारू कमी झाली आणि जगणं सुधारल्याचं लोकांनी सांगितलं.

म्हणजे गट ही जादू नाही. औषधाच्या जागी तो चालत नाही. पण ठरवलेलं रोज करायला माणसाला जी सोबत लागते, ती गटातून मिळते. गट नीट चालवला तर.

सुरुवात करण्याआधी

संख्या : दहा ते पंधरा लोक. आठपेक्षा कमी असतील तर दोन गैरहजर राहिले की बैठक सुनी पडते. वीस झाले की ते भाषण ऐकायला आल्यासारखे बसतात.

कोण : एकसारखा प्रश्न असलेले. शुगरवाले एकत्र, बाळंतीण बायका एकत्र. धाराशिवसारख्या भागात बायकांचा आणि पुरुषांचा गट वेगळा ठेवला तर बोलणं लवकर मोकळं होतं. सासू आणि सून एकाच गटात नको. दोघींपैकी एक गप्प बसते.

कुठे : जिथे यायला कुणाला संकोच वाटणार नाही तिथे. अंगणवाडी, शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर, आयुष्मान आरोग्य मंदिर. एखाद्या पुढाऱ्याच्या वाड्यावर घेतली तर दुसऱ्या गटाची माणसं येत नाहीत. मंदिराच्या किंवा मशिदीच्या आवारात घेतली तरी काही जण बाहेरच राहतात.

कधी : हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सोयाबीनच्या काढणीत दुपारची बैठक ठेवली तर कोणीही येणार नाही. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासाठी गट एप्रिल ते सप्टेंबर चालवावा आणि जाताना प्रत्येकाकडे गोळ्यांचा साठा आणि तपासणीचा कागद आहे ना, हे पाहावं.

तयार गट : नवा गट बांधायची गरज बहुतेकदा नसते. ‘उमेद’ किंवा ‘माविम’चे बचत गट गावोगाव आहेत. दहा-वीस बायका ठराविक दिवशी गोल करून बसतातच. त्यांच्या बैठकीला एक तास जोडून मागितला तर मिळतो. फक्त एक अट पाळावी. हप्ता थकलेल्या बाईची वसुली आणि आरोग्याचं बोलणं एकाच दमात नको. नाहीतर ती दोन्हीला येणं बंद करते.

कोणाला बोलवायचं हे ठरवायला आशा ताईंकडे कागद असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी एक तपासणी पत्रक भरलं जातं. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल आणि घरात कुणाला शुगर-बीपी आहे का हे विचारलेलं असतं. चारपेक्षा जास्त गुण आले तर त्या व्यक्तीची तपासणी आधी करायची असते. गट बांधताना आशा ताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी सोबत असतील तर निम्मं काम झालं.

पहिली बैठक

पहिल्या दिवशी आजाराबद्दल काहीही शिकवू नये. तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ.

एक, बसायची पद्धत. सगळे गोल बसतील, सुलभकही जमिनीवर. खुर्ची एकच आणि तीही गुडघेदुखीवाल्या आजींसाठी.

दोन, ओळख. नाव, गल्ली आणि एक सोपा प्रश्न. ‘तुमच्या हातचं काय चांगलं होतं?’ असं विचारलं की शेंगोळे, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी असं बोलणं सुरू होतं. आजाराच्या ओळखीने सुरुवात केली तर माणूस पहिल्याच दिवशी पेशंट होऊन बसतो.

तीन, नियम. ते गटाने स्वतः ठरवावेत. चार पुरेसे आहेत. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. एक बोलताना दुसऱ्याने थांबायचं. कुणाला हसायचं नाही. कुणाची गोळी बंद करायला सांगायचं नाही.

पहिला नियम गावात सगळ्यात अवघड असतो, कारण सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात. म्हणून सुलभकाने आधीच सांगावं की जे गावभर झालं तर चालणार नाही, ते इथे न बोललेलं बरं. ते नंतर मला एकटीला सांगा.

एका तासाची बैठक कशी जाते?

पहिली दहा मिनिटं : मागच्या वेळी काय ठरलं होतं? प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. ज्याला जमलं नाही त्याला ‘का नाही जमलं?’ असं विचारू नये. तो जाब विचारल्यासारखा वाटतो. ‘कुठे अडलं?’ असं विचारावं.

पुढची पंधरा मिनिटं : एकच विषय, तोही हाताने करून. मिठाचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट एक छोटा चमचा. तो चमचा एका वाटीत काढून मध्ये ठेवायचा आणि विचारायचं, आज सकाळपासून मीठ कशाकशातून गेलं? भाजी, भाकरीच्या पिठात, ठेचा, लोणचं, पापड, फरसाण. गट स्वतःच मोजतो. तेलाचंही तसंच. महिन्याला घरात किती किलो तेल येतं आणि खाणारी तोंडं किती? भागाकार बायकाच करतात आणि उत्तर पाहून त्याच चकित होतात.

पुढची वीस मिनिटं : अडचण आणि गटाचा सल्ला. कुणीतरी एक आपली अडचण मांडतो. इतर सांगतात त्यांनी काय केलं. इथे सुलभकाने जीभ आवरायची असते. समजा एखाद्या मावशी म्हणाल्या, ‘पाहुण्यांकडं गेलं की चहा घ्यावाच लागतो, नाही म्हटलं तर राग येतो.’ तर ‘नाही म्हणायला शिका’ हे उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण गटातल्या दुसऱ्या अक्का सांगतात, ‘मी दारातूनच म्हणते, डॉक्टरनं साखर बंद केलीय, बिनसाखरंचा टाका, नाहीतर पाणी द्या. बसायच्या आधीच सांगितलं की चहा टाकलेला नसतो.’ हे उत्तर मावशींना पटतं, कारण ते त्यांच्यासारख्याच बाईचं आहे.

शेवटची पंधरा मिनिटं : ठराव. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने एकच गोष्ट करायची. ‘व्यायाम करेन’ हा ठराव नव्हे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी जेवण टाकायच्या आधी, फाट्यापर्यंत चालत जाऊन येईन’ हा ठराव. काय, किती, कधी आणि आठवड्यातून किती वेळा, एवढं त्यात हवं.

मग एक प्रश्न विचारायचा. ‘हे सोळा आण्यांपैकी किती आणे जमेल?’ अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी जुनाट आजारांच्या लोकांसाठी जो गट-अभ्यासक्रम तयार केला, त्यात हाच प्रश्न शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर विचारतात. सातपेक्षा कमी उत्तर आलं तर ठराव छोटा करतात. त्या अभ्यासक्रमातले गटही दहा-पंधरा जणांचेच असतात आणि चालवणाऱ्यांना बहुतेकदा स्वतःलाही जुनाट आजार असतो. आपल्याकडे बारा आण्यांच्या खाली उत्तर आलं की समजावं, ठराव मोठा झाला. तीन दिवसांऐवजी दोन दिवस करावा.

चार प्रकारची माणसं

प्रत्येक गटात ही भेटतातच.

फार बोलणारे : ते बहुतेकदा गावात मान असलेले असतात. त्यांना सगळ्यांसमोर अडवलं तर ते दुखावतात आणि चार जणांना घेऊन जातात. त्यांना काम द्यावं. ‘मामा, आज सगळ्यांचे ठराव तुम्ही वहीत लिहून घ्या.’ लिहिणारा माणूस कमी बोलतो.

अजिबात न बोलणाऱ्या : सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारू नये. आधी दोघी-दोघींना आपापसात बोलायला सांगावं. दोघींत बोललेलं मग गटात सांगायला धीर येतो.

उपाय सांगणारे : ‘अमुक झाडाचा पाला खाल्ला आणि माझ्या साडूची शुगर गेली, गोळीच बंद.’ हा क्षण धोक्याचा असतो. त्यांना खोटं पाडू नये, पण विषय सोडूनही देऊ नये. ‘साडूंनी गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांची शुगर तपासली होती का?’ असं विचारावं. मग सगळ्यांकडे पाहून स्पष्ट सांगावं, गोळी किंवा इन्सुलिन बंद-चालू फक्त डॉक्टर करतात. हे वाक्य दर बैठकीत एकदा म्हटलं तरी जास्त होत नाही.

रडणाऱ्या : शुगरबद्दल बोलता बोलता नवऱ्याची दारू, कर्ज, घरातली आत्महत्या असं काहीही बाहेर येतं. या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्या फार पाहिल्या आहेत. अशा वेळी ‘रडू नका’ म्हणू नये. थोडं थांबावं, पाणी द्यावं, बैठक संपल्यावर एकटीशी बोलावं. जीव देण्याचं बोलणं निघालं तर त्या दिवशी तिला एकटीला घरी पाठवू नये. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. शेतकरी कुटुंबांसाठी राज्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्पही आहे. सुलभकाने समुपदेशक व्हायचं नसतं. हात धरून योग्य दारापर्यंत न्यायचं असतं.

नवरात्र, अनवाणी पाय आणि उपवास

बाहेरून आलेला तयार अभ्यासक्रम या जिल्ह्यात कुठे तोकडा पडतो, हे पाहायचं तर नवरात्र पाहावं.

तुळजापूरच्या भवानीचं नवरात्र आणि पुढे कोजागरीची पौर्णिमा. मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकातून हजारो लोक पायी येतात. कित्येक जण अनवाणी. घरोघरी घट बसतात आणि नऊ दिवसांचे उपवास धरले जातात.

शुगर जुनी झाली की पायांची जाणीव कमी होते. तापलेल्या डांबरी रस्त्यावर फोड आला तरी कळत नाही. खडा रुतला तरी दुखत नाही. जखम चिघळते आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाऊ शकते. उपवासाचं दुसरं टोक. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं आणि खाणं कमी झालं तर शुगर एकदम खाली येते. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाटा, भगर पोटभर खाल्ली तर ती वर जाते.

इथे ‘जाऊ नका, उपवास धरू नका’ असं सांगणारा सुलभक त्याच दिवशी गट गमावतो. नवरसाची भीती आणि देवीची माया दोन्ही त्या बाईच्या मनात असतात. म्हणून नवरात्राच्या महिनाभर आधी हा विषय घ्यावा आणि गटालाच विचारावं, तुमच्यापैकी कुणी काही मार्ग काढलाय का? कुणी म्हणेल, मी फक्त उठता-बसता धरते. कुणी म्हणेल, मी चप्पल घालून चालते आणि महाद्वारापाशी काढते. कुणी म्हणेल, माझ्या वाटचा उपवास सुनेने घेतला. यातलं काय चालेल ते ज्याचं त्याने ठरवायचं.

सुलभकाने फक्त तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. उपवासाआधी गोळ्यांच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारणं. रोज रात्री तळपाय उजेडात पाहणं, स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगणं. आणि पिशवीत साखर ठेवणं.

कुठे थांबायचं हे ठरलेलं हवं

बैठकीत अचानक कुणाला त्रास झाला तर काय करायचं, हे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना शिकवावं.

घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं ही शुगर खाली आल्याची लक्षणं आहेत. यंत्र असेल तर ७० च्या खाली आकडा दिसतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं आणि बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, यात घरगुती उपाय करत बसू नये. बीपी १८०/१२० किंवा त्याहून वर आणि सोबत यातलं काही असेल तर तो तातडीचा प्रसंग आहे. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका मोफत आहे.

गर्भवती, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले यांना खाण्या-पिण्याचा किंवा व्यायामाचा ठराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नये.

विकायला काही आणलं की गट संपला

‘वेलनेस’ हा शब्द आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. सकाळी एकत्र जमायचं, वजन करायचं, टाळ्या वाजवायच्या आणि शेवटी पावडरचा डबा घ्यायचा. काही ठिकाणी दोन माणसं आणली तर कमिशन. वरून पाहिलं तर हाही आरोग्याचा गटच वाटतो.

फरक ओळखायला तीन प्रश्न पुरेत. गट चालवणाऱ्याला माझ्या खरेदीतून पैसे मिळतात का? इथे गोळी बंद करायला सांगतात का? मी काही विकत घेतलं नाही तरी मला पुढच्या आठवड्यात इथे बसू देतील का? पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं किंवा तिसऱ्याचं ‘नाही’ आलं, तर तिथून उठावं.

फी घेणं वाईट नाही. शहरातले प्रशिक्षित आहारतज्ज्ञ आणि कोच फी घेऊनच गट चालवतात. पण फी वेळेची असावी आणि ती आधी सांगितलेली असावी. आणि हेल्थ कोच म्हणजे डॉक्टर नव्हे, हे त्याने स्वतःहून सांगितलेलं असावं.

व्हॉट्सअप ग्रुपचं काय?

दोन बैठकींच्या मध्ये आठवण द्यायला तो उपयोगी आहे. पण त्यावर कुणाचा रिपोर्ट टाकू नये, वजनाचा आकडा नावासकट टाकू नये आणि फॉरवर्ड केलेले उपाय तर मुळीच नकोत. बैठकीचे फोटो टाकायचे तर आधी प्रत्येकाला विचारावं. लग्न जमायच्या वयाची मुलगी शुगरच्या गटात बसलेली फोटोत दिसली, तर त्याचे परिणाम तिलाच भोगावे लागतात.

आणि सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो. घरात एकच फोन आणि तो मुलाच्या खिशात. म्हणून जे महत्त्वाचं आहे ते बैठकीतच सांगावं.

गट चालतोय हे कसं ओळखायचं?

वही ठेवावी. त्यात चारच रकाने. हजर किती? ठराव किती जणांचे पूर्ण झाले? गोळी किती जणांची चुकली? आणि तीन महिन्यांनी बीपी, शुगर, कंबरेचा घेर. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषांचा ९० पेक्षा कमी असावा, असं आपल्याकडे धरतात. आकडे मोजताना एकेकाला बाजूला घ्यावं. गटात आकडे मोठ्याने वाचले की ज्याचा वाढलाय तो पुढच्या वेळी येत नाही, आणि खरं तर त्यालाच यायची गरज जास्त असते.

काही बदल आकड्यांत लवकर दिसत नाहीत. मिसरीचंच पाहा. मराठवाड्यात कित्येक बायका लहानपणापासून मिसरी लावतात. ती तंबाखूच आहे, पण ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. गटात एकीने धीर करून सांगितलं की ‘मी दिवसातून चार वेळा लावते, आता दोनदा करीन’, की मग इतरही सांगू लागतात. तपासणीच्या कागदावर वर्षानुवर्षं कोरा राहिलेला रकाना असा भरला जातो.

सहा महिन्यांनी सुलभकाने एक परीक्षा स्वतःची घ्यावी. एखाद्या बैठकीला मुद्दाम उशिरा जावं. बायका बसलेल्या असतील, वही उघडलेली असेल आणि कुणीतरी कुणाला ‘या आठवड्यात कुठं अडलं गं?’ असं विचारत असेल, तर गट आता त्यांचा झाला. त्या दारातच थांबून ऐकलं तरी चालेल.